तिकोनी बिल्ल्याचा वाटा

शिवरात्रीची यात्रा सरली की आमच्या गावच्या देवळाची दानपेटी उघडतात. चालणारे पैसे बँकेत जातात आणि न चालणाऱ्यांचा हर्रास होतो. शहरातले लोक लिलाव म्हणतात. आम्ही हर्रासच म्हणतो, मग तो तळ्यातल्या मासोळीचा असो की देवाच्या पैशाचा.

लोक देवापुढे काय टाकतील याचा नेम नाही. भोकाचा पैसा निघतो, पाच पैसे तर पसाभर, कुठल्या कारखान्याच्या कँटीनचं टोकन, नेपाळचं नाणं, वॉशर. एकदा शर्टाचं बटन निघालं. देवस्थान कमिटीचा अध्यक्ष ते सगळ्यांना दाखवून म्हणाला, "देवानं शर्ट शिवाले टाकला असन."

हा अध्यक्ष मासे धरणाऱ्या घरचा. त्यामुळे पैशाच्या हर्रासालाही मासोळीचाच कायदा. पळसाच्या पत्रावळींवर वाटे लावायचे. घेणाऱ्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहून नजरेनं पाहायचं आणि बोली बोलायची. हात लावायचा नाही. मासोळी चिवडली की खराब होते, म्हणून हा नियम. ज्याचा हात लागला, वाटा त्याचा, आणि मग बोली नाही. अध्यक्ष सांगेल ती किंमत गुमान द्यायची. पैसे चिवडून खराब होत नाहीत हे सगळ्यांना कळतं. पण कायदा तो कायदा.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेही मास्तर घरी येऊन ओढून न्यायचा म्हणून. तरी दुरून वाटा ओळखावा तर मीच. चांदी काळी पडते, लोक तिला शिसं समजून सोडून देतात. मी सोडत नाही. दोन चहाच्या पैशात मी अशा वाट्यातून राणीछाप चांदीची चवली काढलेली आहे. मोठ्या दुकानात जाऊन मोठे पैसे टाकले तर कोणीही आणेल. स्वस्तात मिळवायला डोळा लागतो.

हे सगळं माझ्या व्याह्याला मीच शिकवलं.

व्याही, आमच्या बोलीत इवाई, म्हणजे माझ्या पोरीचा सासरा. ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरी करून रिटायर झाला. सोयरीक जुळवायला आमच्या घरी आला तेव्हा माझा नाण्यांचा पत्र्याचा डबा पाहून विचारतो, "हे काऊन जमा करून ठेवले, भाऊ? चालत तर नाईत." मी त्याला जेवण थंड होईस्तोवर समजावलं. कोणतं नाणं धरायचं, कोणतं सोडायचं, चिंचेनं घासायचं नाही, घासलं की नाणं मेलं. आता त्याच्याकडे प्लास्टिकच्या खिशांची जाड जाड बुकं झाली आहेत. नाणी जमवणाऱ्यांच्या कुठल्या मंडळाचा मेंबर झाला आहे. पंख्याखाली खुर्चीत बसून फोनवर बोली लावतो. नाणं पाकिटातून घरी येतं. ना ऊन, ना दोरी, ना अध्यक्ष.

एकदा मी त्याच्या घरी गेलो तर माझी पोरगी त्याच्या बाजूला भिंग धरून उभी. "मामाजी, इथी साल दिसून राह्यलं पहा," असं सासऱ्याला म्हणत होती. हीच पोरगी लहानपणी माझ्या डब्याजवळ आली की नाक मुरडायची, तांब्याचा वास येतो म्हणून. आणि त्याच दिवशी चार पाहुण्यांत तो मलाच सांगतो, "इवाई, चिंच नका लावत जा बरं नाण्याले." मी चहा तसाच ठेवला.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडे नव्हती. बिल्ले.

तरुणपणी मी जंगलाच्या ठेकेदाराकडे बैलगाडीनं माल वाहायचो. डेपोत गाडी खाली केली की मुनशी पितळेचा बिल्ला द्यायचा. बाजाराच्या दिवशी बिल्ले परत करायचे आणि तेवढ्या खेपांची मजुरी घ्यायची. सागवानाला गोल, जळाऊ लाकडाला चौकोनी, बांबूला तिकोनी. बिल्ला म्हणजे मजुरीच, तो घरी कोण ठेवणार? म्हणून ते आता सापडत नाहीत. ठेकेदार गेला, डेपोवर रान वाढलं. गोल बिल्ला मला अहेरीच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळाला. चौकोनी एका म्हातारीच्या गाईच्या गळ्यात होता, तो घंटी देऊन सोडवला. तिकोनी नाही म्हणजे नाही. हे मी व्याह्याला छाती फुगवून सांगितलं होतं, "फोनवर सारं भेटन तुमाले, हे नाई भेटत." त्या दिवसापासून तो जाईल तिथं तिकोनी बिल्ला विचारायला लागला. पोरीनंच मला सांगितलं.

यंदाच्या यात्रेला पोरीसोबत तोही आला. पांढरा शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी. मी म्हटलं, उन्हात कायले येता, घरी आराम करा. तरी हर्रासाला आलाच.

आता आमच्याकडे एक रीत आहे. पोरीच्या बापानं पोराच्या बापाच्या बोलीवर बोली चढवायची नाही. बैल असो, बकरी असो, देवाचा नारळ असो. मी चढवली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि पोरीला त्या घरात नांदायचं आहे.

वाटे लागले. चौथ्या पत्रावळीवर पाच पैशांच्या ढिगाखालून पितळेचं एक टोक बाहेर आलं होतं. टोक, आणि टोकाला भोक. बिल्ल्यांना असंच भोक असायचं. मी नजर लगेच दुसरीकडे वळवली, कारण माझी नजर कुठं थांबते हेच माझा व्याही पाहत असतो. पण उशीर झाला होता. त्यानं चष्मा चढवला, फोन काढला आणि त्यातून ती पत्रावळ मोठी करून पाहू लागला.

"काय पाहून राह्यले?" मी विचारलं.

"काई नाई. भोकाचा पैसा दिसते वाटते एक."

"त्याच्यात काई नाई. भंगार हाये."

"मंग तर स्वस्तात भेटन," तो म्हणाला आणि हसला.

पहिला वाटा गेला, दुसरा गेला, तिसरा किराणावाल्यानं तराजूच्या पारड्यात टाकायला घेतला. माझ्या डोळ्यापुढे काय काय येत होतं. ह्याच्या बुकात तिकोनी बिल्ला खिशात बसलेला, माझी पोरगी त्यावर भिंग धरून उभी, आणि हा मंडळातल्या लोकांना सांगतो आहे की हा जंगलातल्या गाडीवानांचा. ज्यानं जन्मात बैलाची वेसण धरली नाही तो सांगतो आहे. अध्यक्षानं चौथ्या पत्रावळीकडे बोट केलं. व्याह्यानं बोली करायला तोंड उघडलं.

मी दोरीखालून वाकलो आणि वाट्यावर हात ठेवला. पुरा पंजा.

"भाऊ, हात काढा," अध्यक्ष म्हणाला.

"कायले काढू? लागला ना हात."

"चुकून लागला म्हणा, सोडून देतो."

"चुकून नाई लागला."

मागून कोणी तरी म्हणालं, "बुढ्याले भोवळ आली का रे?" लोक हसले. अध्यक्ष हसला नाही. कमिटीला देवळापुढे टिनाचा मंडप करायचा होता.

"मंग किंमत आमची."

"सांगा."

"हजार."

आधीचे वाटे शंभराच्या आत गेले होते. एवढी महाग खरेदी मी बैल सोडून कशाची केली नव्हती. बनियनच्या खिशातून काढून दिले. मी बोली केलीच नव्हती, त्यामुळे व्याह्याच्या बोलीवर चढवली असं म्हणायला कोणाला जागा नव्हती.

पाच पैसे बाजूला सारले. बिल्ला तिकोनीच होता. काठ झिजलेले, मधे डेपोचा छाप. पण खरं सांगतो, मी बिल्ला नंतर पाहिला, व्याह्याचं तोंड आधी. त्या तोंडावर मला जे पाहायचं होतं ते नव्हतं.

"वा इवाई, जमलं तुमचं," तो म्हणाला. "फोटो काढू का?"

काढला. देवळाजवळच्या दुकानातून पेढा आणून सगळ्यांसमोर मला भरवला. घरी जेवायला बसला तर वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली. ज्याच्या तोंडचा घास गेला तो माणूस असा जेवतो का? घास उतरत नव्हता तो माझा. बिल्ला माझ्याकडे, आणि जळतोही मीच.

दुसऱ्या दिवशी तो आणि पोरगी गेले. मी तिन्ही बिल्ले बाजेवर मांडून बसायला लागलो. बायको म्हणाली, तिन्ही पितळेचेच तर आहेत. शेजाऱ्यानं वजन विचारलं. गावात एकालाही कळत नव्हतं की समोर काय आहे. ज्याला कळत होतं तो पेढा भरवून निघून गेला होता. रोज मांडायचो आणि रोज तोच किडा डोक्यात: त्याला खरंच नको होता का? नको होता तर मी हजार कशाचे दिले?

शेवटी पोरीला फोन केला. "मामाजी काय म्हणून राह्यले?"

"तुमचंच कौतुक, बाबा. मंडळात सगळ्यायले फोटो दाखवला, माझ्या इवायाचा हाये म्हणून."

"जळून नाई राह्यला?"

"बाबा, काहीच्या काही बोलता तुम्ही."

"दे त्याले फोन."

व्याही आला. धान किती झालं, ऊन कसं आहे, सगळं विचारून झालं. मग मी म्हणालो, "तुमाले तो बिल्ला पाहिजे होता का नाई?"

"आता काय त्याचं, भाऊ."

"हव का नाई, तेवढं सांगा."

तिकडे कुकरची शिट्टी झाली.  

"दोन हजार घेऊन आलतो खिशात," तो म्हणाला. "तोंड उघडलं अन् तुमचा पंजा पडला. तीन दिवस काई गोड लागलं नाई मले. अजूनही रोज फोटो काढून पाहतो."

"वांग्याची भाजी तर मांगून मांगून खाल्ली."

"सुनेच्या माहेरी तोंड वाकडं करून बसू का? खारट होती ते."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. बायको अंगणात धान पाखडत होती. तिला म्हणालो, भात वाढ. ती म्हणाली, आत्ताच तर उठले तुम्ही ताटावरून. म्हटलं, वाढ.