बाईंच्या माडीवरची वैशाखातली मंगळागौर

मुलुंडला आमच्या गल्लीच्या टोकाला बाईंचं कौलारू घर होतं. खाली दोन खोल्या, वर लाकडी फळ्यांची लांबलचक माडी. ज्या काळात नाटकातली नायिका घरून दाढी करून यायची, त्या काळात बाईंनी या माडीवर नुसत्या बायकांची नाटक मंडळी काढली होती. पुढे तिथेच आमच्यासारख्या कितीतरी मुली गाणं-नाचणं शिकल्या. मला सूर कधी सापडला नाही, तरी बाईंनी मला हाकलून दिलं नाही. यावरून त्यांचं मन केवढं मोठं ते कळावं.

ऐंशीनंतर मुलुंडमध्ये जो तो जुनं घर पाडून बिल्डिंग बांधत सुटला. बाईंच्या पुतण्याच्याही अंगात आलं. घर त्याच्या नावावर, पण बाई काही हलेनात. मग त्याने म्युनिसिपालिटीत अर्ज दिला, की माडी कोसळायला आली आहे. आता इंजिनियर येऊन बघणार. त्यांनी 'धोकादायक' लिहिलं की माडी जमिनीवर आणि बाई रस्त्यावर. वर पुतण्या म्हणतो कसा, "काकू, तुमच्या जिवाची काळजी वाटते हो!" मेला! लहानपणी सुट्टीत त्याच माडीवर घोरत पडायचा, तेव्हा नव्हती वाटत काळजी.

आम्ही बायका जमलो. कोणी म्हणे पेपरात छापून आणू, कोणी म्हणे साहेबांच्या पाया पडू. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माडी मजबूत आहे ना? मग नाचून दाखवू. साहेबाला खाली चहा पिऊ दे, आपण वर मंगळागौर खेळू."

"अगं, मंगळागौर श्रावणात, मंगळवारी! साहेब येतोय बुधवारी, भर वैशाखात."

"गौरीला मी सांगते काय ते."

"आणि माडी पडलीच तर?"

"तर साहेबाच्या डोक्यावर पडू. त्याचं काम सोपं होईल."

नवी नवरी हवी म्हणून समोरची गुजराती सून धरून आणली. तिला फुगडी येत नव्हती, गरबा येत होता. एवढीशी पोर, पण पाय असा आपटायची की विचारता सोय नाही.

बुधवारी साहेब आले. बाईंनी त्यांना बरोबर माडीखाली खुर्ची दिली आणि वर आम्ही सुरू झालो. झिम्मा, पिंगा, बसफुगडी. आमच्यात काटकुळी अशी कोणीच नव्हती. फळ्या नुसत्या दणाणत होत्या. उकिडवं बसून उड्या मारताना माझा गुडघा कडाडला आणि मी लंगडत खाली आले. बरंच झालं, नाहीतर खालची मजा हुकली असती.

साहेब शांतपणे चहा पीत होते. वरून थोडी धूळ बशीत पडली, ती त्यांनी फुंकली. पुतण्या मात्र उंबऱ्याबाहेर, डोक्यावर फाईल धरून. "साहेब, बाहेर या! आता पडतंय बघा!" साहेबांनी भिंती ठोकल्या, तुळया पाहिल्या, जिन्यात अर्ध्यावरून वर डोकावले आणि लाजून परत फिरले. मग पुतण्याला म्हणाले, "अहो, या घरात तुमच्याखेरीज काहीच हलत नाहीये. धोकादायक कसं लिहू?" पुतण्या चहा न घेताच गेला.

साहेबही गेले तशी मी जिन्यातून ओरडले, "थांबा गं, वाचलं घर!" वरचा दणदणाट थांबला. बाई कठड्याला धरून हळूहळू वर आल्या. आम्ही घामाने निथळत शाबासकीची वाट बघत उभ्या. बाई नुसत्या फळ्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, एखादी मोडली की काय.

"आम्ही इथे तालमी करायचो ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा आधी गोधड्या अंथरायचो. बायका नाचतायत हे रस्त्यावर ऐकू गेलं, तर दुसऱ्या दिवशी कोणाला घरातून सोडलं नसतं. पुढे तुम्ही मुली आलात, तरी सतरंजी काढायचा धीर झाला नाही मला. या फळ्या अशा वाजतात, हे आज कळलं गं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि रडू आलं की मला रागच येतो. "मग बघताय काय नुसत्या?" मी सगळ्यांवर खेकसले. "चला, पुन्हा!" गुडघा गेला चुलीत. साहेब एव्हाना स्टेशनवर पोचले असतील, आता कोणाला काही दाखवायचं नव्हतं. बाईंनी पदर खोचला आणि फुगडीसाठी माझ्यापुढे दोन्ही हात केले.