सोमाजीचं नाव कुठी लिहू

बिरजू मांढरे संगणकासमोर बसला की जाळं टाकायला निघाल्यासारख्या बाह्या सरसावायचा. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा, पण तळ्यात कमी आणि टायपिंगच्या वर्गातच जास्त रमलेला. तो बारा वर्षांचा असताना त्याचा बाप, सोमाजी, गेला. २००४ साली नागभीडच्या एका लहानशा संस्थेत बिरजूला काम मिळालं. आसपासच्या पाच तळ्यांतल्या मासोळीची जुनी माहिती म्हाताऱ्यांकडून गोळा करायची आणि संगणकात भरायची.

मजकूर एक्सएमएलमध्ये बसवायचा होता. म्हणजे प्रत्येक माहितीच्या मागेपुढे खूण लावायची, डब्यात डबा ठेवावा तशी. तळ्याच्या आत मासा, माशाच्या आत हंगाम आणि शेवटी सांगणाऱ्याचं नाव. बिरजूला वाटलं, यात काय अवघड आहे!

घोळ झाला तो रीतीमुळे. या पाच तळ्यांवरचे ढिवर माहिती सांगताना स्वतःचं नाव पुढे करत नाहीत, ज्याच्याकडून शिकले त्याचंच घेतात. "कोणाचं नाव लिहू?" असं बिरजूने विचारलं, तर म्हातारे लटारूभाऊ म्हणाले, "सोमाजीचं लिही. त्यानंच शिकवलं मले." बाकीचेही तेच म्हणाले. बिरजूही त्यांच्यातलाच, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. शिवाय नोंदींसोबतच्या माणसांच्या यादीत बापाच्या मृत्यूचं सालही या पठ्ठ्याने इमानेइतबारे भरलं. मग ही माहिती जिथे जमा होणार होती, त्या शहरातल्या संग्रहाच्या कार्यालयातून पत्र आलं. पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांनी यंदा एकशे सदतीस नोंदी कशा सांगितल्या? खरी नावं शुक्रवारपर्यंत भरा, नाहीतर पाचही तळी संग्रहातून वगळू.

नावं बदलणं एका दुपारचं काम होतं. पण मग बाप पुसला गेला असता. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता.

बिरजूने दोन्ही नावं भरून पाहिली. तपासणारा प्रोग्राम अडून बसला, ही खूण एकदाच चालेल म्हणून. मग त्याने सोमाजीचं नाव सांगणाऱ्याच्या खुणेच्या पोटात घातलं. प्रोग्राम खूश झाला. पण शहरातल्या मेटाडेटाचा, म्हणजे माहितीबद्दलच्या माहितीचा, कायदाच निराळा होता. तिथे डब्यात डबा नाही, कशाचा कोणाशी काय संबंध तेवढं एकेका ओळीत सांगायचं. तिकडच्या यंत्राने आतली खूण टाकून दिली, नावं सलग वाचली आणि 'लटारू सोमाजी' नावाचा नवाच माणूस जन्माला घातला. ते ऐकून लटारूभाऊ पोट धरून हसले. "तुहा बाप माह्यापेक्षा दोन वर्षं लहान होता. मले त्याचा पोरगा करून टाकलं तू."

बुधवारी बिरजू तोंड पाडून घरी आला. आई, देवकाबाई, अंगणात फाटकं जाळं सांधत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मासोळीच्याच अंगावर साऱ्यायची नावं काऊन लिहून राह्यला?" ती म्हणाली. "मासोळीचं लटारूभाऊनं सांगितलं. लटारूभाऊले तुह्या बापानं शिकवलं. दोन गोष्टी हायेत, दोनदा सांग."

माणसांच्या यादीत 'संबंध' नावाची खूण पहिल्यापासून होती, कोणी वापरली नव्हती. दुसऱ्या दिवशी बिरजूने माशापाशी फक्त सांगणाऱ्याचा क्रमांक ठेवला आणि यादीत त्या सांगणाऱ्यापुढे लिहिलं, शिकला कोणाकडून, तर सोमाजीकडून. दोन्ही यंत्रांनी ते मुकाट्याने घेतलं. संध्याकाळी त्याने आईला सांगणाऱ्यांची एकोणीसच्या एकोणीस नावं वाचून दाखवली.

"अन् तू?"

"मी त फक्त टाइप केलं."

"मरळीच्या लाल पिल्लायवर जाळं टाकू नाई, खाली त्यायची माय राखण करत राह्यते. हे तुले कोणं सांगितलं होतं?"

बिरजूला आठवलं. कमरेएवढ्या पाण्यात, खांद्यावर बसवून बापाने सांगितलं होतं. टायपिंगच्या नादात तो ते पार विसरला होता.

शुक्रवारी डिस्क पाठवण्याआधी त्याने एकशे अडतिसावी नोंद भरली. सांगणारा बिरजू. शिकला सोमाजीकडून. प्रोग्रामने एकही चूक काढली नाही. बिरजूने मात्र ती पुन्हा एकदा वाचली. आपणही बापाकडून काही घेतलं आहे, हे त्याला पहिल्यांदाच लिहिलेलं दिसत होतं.