मावशीच्या गळ्यातला गेरूचा हार

आमचे हे भिंती रंगवायचे. कारखान्याच्या निवडणुकीची चिन्हं, पुढाऱ्यांची तोंडं, सगळं. त्यांच्या हाताखाली मीही शिकले. एक्स-रेची जुनी फिल्म कापून छाप करायचा, तो भिंतीला धरायचा आणि ढेकणं मारायच्या पिचकारीनं वरून रंग मारायचा. तोंड मात्र मी कुंचल्यानं, सावकाश रंगवायची. दोन सुरकुत्या बऱ्या जमल्या की स्वतःलाच चित्रकार म्हणायची. विशीतली मस्ती, दुसरं काय!

दुष्काळात खडी फोडायला शेजारची मावशी माझ्या जोडीला असायची. तिला म्हटलं, "मावशी, सोसायटीच्या गोदामावर तुमचं तोंड काढते."

"काढ की. पण हसरी काढ गं. दात हायेत अजून."

तीन दुपारी बिचारी उन्हात बसली. हसायला लागली की मी दरडावायची, "तोंड मिटा." चित्रात दुष्काळ दिसला पाहिजे म्हणे! लुगड्याची नक्षी छापानं मारली. तरी भोवती रिकामं वाटलं, म्हणून वारलेल्या एका पुढाऱ्याच्या चित्रासाठी कापलेला हाराचा छापही गेरूनं ठोकून दिला. जित्या बाईच्या तसबिरीला हार! अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

भिंतीवरचा हार बघून कुणीतरी तेरखेड्याला बातमी नेली. चौथ्या दिवशी तिथं दिलेली तिची लेक येष्टीतून उतरली ती ऊर बडवतच. मावशी दारात दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी खात बसलेली.

"कोण मेलं गं?" तिनं लेकीलाच विचारलं.

गाव लई हसलं. मावशी हसली नाही. त्या भिंतीपुढनं जायचं तिनं सोडलं, भर उन्हात लांबच्या वाटेनं कामावर यायची. मी हारावर चुना मारला. गेरू वर आला. पुन्हा मारला, पुन्हा गुलाबी हार. शेवटी लाजेपोटी तिच्या अख्ख्या तोंडावरच कपबशीचं चिन्ह मारलं.

दोन वर्षांनी मावशी खरंच गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. लेक माझ्या दारात आली.

"आक्का, तेवढं भिंतीवरचं तोंड होतं की आईचं. कुठंय?"

आठवून कागदावर काढून दिलं. या वेळी हसरं. तिनं कितीतरी वेळ निरखलं.

"डोळे आईचेच हायेत. हसणं कुणाचं व्हय हे?"

तरी तिनं कागद जपून नेला. त्याला हार घातला का, हे बघायला मी त्यांच्या घरी कधी गेले नाही.