खालच्या गेअरचा मान

उलव्याच्या दत्तू गमऱ्यांना गाडी चालवता येत नव्हती असं नाही. त्यांना फक्त खालच्या गेअरवर येणं जमत नव्हतं. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात उभा जन्म काढून ते हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. अधीक्षकाची खुर्ची त्यांना हुलकावणी देत राहिली आणि शेवटी त्यांच्या हाताखालच्या हरेश सकपाळांना मिळाली. तेव्हापासून गेअर वर टाकणं म्हणजे बढती आणि खाली येणं म्हणजे नाचक्की, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं. गाडी घेतली तीही पॉवरचा आकडा सकपाळांच्या गाडीपेक्षा मोठा बघून.

आणि लेक क्रांतीने लग्न ठरवलं ते नेमकं सकपाळांच्याच मुलाशी. जन्माचा सल आता व्याही होऊन घरात येणार होता. तो यायच्या आधी एकदा त्याला गाडीचा दम दाखवायचाच, असं दत्तूंनी ठरवलं आणि रविवारी सकाळी सकपाळांना पारसिक हिलवर फिरायला नेलं. सकपाळ पुढे बसले, दत्तूंची बायको केशरबाई मागे.

चढ लागला तरी दत्तू चौथ्यातच. गाडी धापा टाकू लागली. त्यांनी पाय दाबला, तर इंजिन नुसते हुंदके देऊ लागलं. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायला लागले.

सकपाळ हळूच म्हणाले, "गमरे, मी घेऊ का जरा?"

दत्तूंच्या अंगाची लाही लाही झाली. खुर्ची गेली, आता ही सीटही?

"अहो," केशरबाई मागून म्हणाल्या, "डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढताना कोनी ढांगा टाकतं का? बारीक पावलं टाकायची. खाली या, दुसऱ्यात घ्या."

"मी नाय खाली येत."

"मग उतरा, आनि तेंना बसू द्या."

दत्तूंनी दात-ओठ खात दुसरा टाकला. इंजिन भराभर फिरू लागलं, तेव्हा कुठे त्या पॉवरच्या आकड्याला जाग आली. चाक पिळणारा जोर, ज्याला शोरूमवाला टॉर्क म्हणायचा, तो खालच्या गेअरने वाढवून चाकांना दिला. वेग बेताचाच, पण गाडी न कुरकुरता माथ्यावर आली.

"गाडीत दम आहे हो," सकपाळ म्हणाले.

"दम खालच्या गेअरात, साहेब," दत्तू म्हणाले. " वरचा सपाटीवर मिरवतो. चढावर गाडी हेडक्लार्कच ओढतो."

सकपाळ खाली पसरलेल्या शहराकडे बघत म्हणाले, "ऑफिसातपण तुम्हीच ओढलीत. खुर्चीत बसून मला दिसत होतं."

दत्तूंना फार बरं वाटलं.

परतताना उलव्याचा मोकळा, सपाट रस्ता लागला तरी ते दुसऱ्यातच. केशरबाई वैतागल्या. "अहो, आता तरी वर जा."

"राहू दे," दत्तू म्हणाले. "इथं बरं हाय."