बायकोच्या व्हिसावर

परदेशात नोकरी माझी बायको करते. मी करत नाही. एवढं साधं वाक्य बोलायला मला अकरा वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुन्हा धीर सुटायचा.

ती आखातातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथं राहायचा माझा परवाना तिच्या नोकरीवर निघालेला. त्यावर स्वच्छ छापलंय: पत्नीवर अवलंबून, काम करण्याची परवानगी नाही. मी तिथं भाजी आणतो, तिचा डबा करतो, तिच्या गणवेशाला इस्त्री करतो, आणि ती ड्यूटीवरून आली की दार उघडतो. माझ्या हातचं वरण तिच्या मैत्रिणी मागून नेतात. पण हे गावात कसं सांगणार?

आमचं गाव लाखांदूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. पहिल्या वर्षी सुटीत आलो, तर बसमधून उतरल्या उतरल्या शेजारच्या काकाजींनी विचारलं, "काय गा, बायकोले बी घेऊन गेला म्हन्ते तिकडं?"

मी म्हटलं, "हो जी."

बस. मी खोटं बोललो नाही, नुसता होकार दिला. मग त्या होकारावर दुसरे होकार चढत गेले. "सुपरवायझर असशील?" हो जी. "म्हनून सहा-सहा महिने सुटी भेटत असन?" हो जी. "हाताखाली मानसं असतीन?" हो जी. हाताखाली माझ्या चार शेगड्या होत्या. बायकोचं माहेर तिकडं दूर आंधळगावला. तिची सगळी सुटी तिथंच संपायची, आमच्या गावी ती दोन दिवस टेकायची. त्यामुळं माझी सुपरवायझरी टिकून राहिली.

परवान्याची एक अट आहे. बाहेर एकशे ऐंशी दिवसांहून जास्त राहिलात की तो आपोआप रद्द. मी दर वर्षी मृगाच्या आधी गावी यायचो, धानाची रोवणी करायचो, पीक निघालं की परत जायचो. अधेमधे मंडई होऊन जायची. आमच्याकडं दिवाळीनंतर प्रत्येक गावाची मंडई भरते: दुकानं, पाळणे, घरोघर पाहुणे, दिवसा दंडारीचा नाच. आमच्या गावची भाऊबीजेपासून नवव्या दिवशी. ती आटोपूनही एरवी माझ्याजवळ पंधरा-वीस दिवस उरायचे.

या खेपेला मंडईच्या कमिटीचे अध्यक्ष रोवणीच्या वेळीच बांधावर आले. म्हणाले, "यंदा तुह्या सत्कार हाय. भाषन बी तुलेच करा लागन." मी चिखलात उभ्या उभ्या हो जी म्हणालो. यंदा अधिक महिना होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दिवाळी पुढं सरकली, तिच्यामागं मंडई सरकली, आणि बरोबर माझ्या एकशे ऐंशीव्या दिवसावर येऊन बसली.

बायको फोनवर म्हणाली, "अजी, चार दिवस आधी या ना."

"तिकिटंच नाहीत," मी म्हटलं. तिकिटं होती. पण मंडईच्या पत्रिकाही माझ्या नावासह छापून आल्या होत्या. "मंडईच्या दिवशीचं मिळालं. दुपारी नागपूर, तिथून मुंबई, मग तिकडं. आणि तिकडचं घड्याळ दीड तास मागं आहे. म्हणजे मला दीड तास उलट जास्तच मिळतो."

"व्हिसाले तुमच्या घड्याळाचं काय करा लागते?" ती म्हणाली.

सत्कार दहाला होता. बाराला निघालो तरी चाललं असतं. लाखांदूरची भाड्याची गाडी मंडपामागं उभी करून मी साडेनऊलाच स्टेजवर जाऊन बसलो. कार्यक्रम सुरू झाला साडेअकराला. आधी सरपंच बोलले, मग माजी सरपंच बोलले. माजी जास्त बोलले. मग अध्यक्ष म्हणाले, "सोतासाठी तं कोनी बी व्हिसा काढते. यानं बायकोचा बी काढला!" टाळ्या. मग शाल, श्रीफळ, आणि माझं भाषण.

मी दोन मिनिटांत आटोपणार होतो. पण माइक हातात आला आणि समोर सगळं गाव मान वर करून बसलेलं. आयुष्यात मला एवढ्या लोकांनी एकदम पाहिलं नव्हतं. मी परदेशातल्या शिस्तीवर बोललो. मग वेळेच्या महत्त्वावर बोललो. तिथं माणूस मिनिटाला कसा जपतो, हे सांगता सांगता मी पाऊण तास घेतला. गाडीचा ड्रायव्हर मागून दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, त्याला भाषण आवडलं.

शेवटी तो स्टेजजवळ येऊन ओरडला, "अजी साहेब, विमान!"

लोकांना वाटलं, हा भाषणाचाच भाग. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

पुढं सांगण्यासारखं काही नाही. मंडईच्या गर्दीतून गाडी बाहेर काढायलाच अर्धा तास गेला. नागपूरला पोहोचलो तेव्हा विमान वर आणि मी खाली, खांद्यावर शाल. बायकोला फोनवर सांगितलं, गाडी पंक्चर झाली. ती "बरं" म्हणाली. इतक्या हळू, की मी तिला रागव म्हणणार होतो.

आठवड्यानं तिचा फोन आला. परवाना रद्द झालाच होता, तिनं नवा अर्ज काढला होता. त्यात एक रकाना: मुदतीत परत का आला नाहीत? कारण लिहा आणि पुरावा जोडा. "पंक्चर काढलं तिथली पावती पाठवा," ती म्हणाली. पंक्चर नव्हतंच, पावती कुठून आणू? त्या दिवशी मी कुठं होतो याचा जगात एकच पुरावा होता, मंडईची पत्रिका. आणि सोबत लागणार होतं कमिटीचं पत्र.

अध्यक्षांकडं गेलो. ओसरीवर चौघं बसले होते, काकाजीही होते. मी एका दमात सगळं सांगितलं: नोकरी तिची, व्हिसा तिचा, मी स्वयंपाक करतो.

मग अध्यक्ष म्हणाले, "मंग आमी शाल कोनाले देली?"

"मले."

"अन् सुपरवायझर?"

"थे बी तीच समजा जी."

काकाजी म्हणाले, "अकरा वर्षापासून आपन याले साहेब म्हनून राहिलो, अन् हा तिकडं भाकरी थापून राहिला!" मग जरा विचार करून म्हणाले, "गोल येतेत का?"

अध्यक्षांनी पत्र दिलं. 'सदर इसम मंडईच्या दिवशी दुपारी सव्वा वाजेपर्यंत आमच्या मंचावर बोलत होते. थांबवूनही थांबले नाहीत.' खाली कमिटीचा शिक्का.

पत्र आणि पत्रिका दोन्हींचे फोटो बायकोला पाठवले आणि फोन उशाखाली दाबून बसलो. तो वाजायचा तेव्हा वाजलाच.

"अजी, इथं छापलं हाय, 'आपल्या सौभाग्यवतीसही परदेशी नेणारे.' हे कोन व्हय?"

"मी."

"अन् मी कोन?"

"सौभाग्यवतीसही."

ती हसली नाही. म्हणाली, "गावात काय सांगितलं त्याचं मले काही नाही. सांगा लागत होतं तं सांगितलं. पन दरसाल या दिवसात तुमी परत येत, मी ड्यूटीवरून आली की दार आतून उघडे. यंदा अजून बी रोज पर्समधी किल्ली ढूंढा लागते मले. तुमी तिकडं टाळ्या घेऊन राहिले, अन् मले सांगता पंक्चर."

या वेळी मी हो जी म्हणालो नाही. चुकलो, एवढंच म्हणालो. अकरा वर्षांत पहिल्यांदा पुढं काही जोडलं नाही.

मग ती म्हणाली, "कारनाच्या रकान्यात काय लिहू?"

"लिही, भाषण करून राहिलो होतो."

"कायच्यावर?"

मी घसा साफ केला. "वेळेच्या महत्त्वावर."

तिकडून तिचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला, आणि मग ती जी हसत सुटली, की मैत्रिणीला फोन देऊन पाणी प्यायला गेली. मैत्रिणीला ते रडणं वाटलं; ती मला विचारत होती, घरी कोणी गेलं का म्हणून.

तिनं ते तसंच लिहिलं, एक शब्द न बदलता. अर्ज गेला आहे, उत्तर अजून आलेलं नाही. "वाचनारा हसला तं तुमी आले," ती म्हणते. "नाई हसला तं मलेच राजीनामा देऊन या लागन. अन् मंग तुमाले खरंच नोकरी करा लागन, पाहून घ्या."