मागच्या पेटीतलं मोठं चाक

मी ब्लाउज शिवते. बंगळुरातल्या हेब्बाळच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, त्यामुळे हॉलमधलं कटिंगचं टेबल हे माझं राज्य. नवरा निवृत्त झाला आणि त्या राज्यात घुसला. आयुष्यभर कारखान्यात मशिनांची ड्रॉइंग काढलेला माणूस, आता रिमोटवरची बॅटरीची गाडी बनवणार म्हणे, खडकातून, मातीतून उड्या मारत पळणारी. मी म्हटलं, खेळणं आहे, महिन्याभरात हौस फिटेल. कसलं काय! दीड हात लांब आणि गव्हाच्या गोणीसारखं जड ते धूड. त्याचा प्रत्येक पत्रा यांनी स्वतः काढून पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये कापून आणलेला.

"अहो, उचला हे. लोकांच्या सिल्कला ग्रीस लागेल," मी रोज ओरडायची. हे रोज "होय होय" म्हणायचे आणि काही उचलायचे नाहीत.

पुढचा अर्धा भाग तयार झाला आणि एका सकाळी बाथरूममध्ये यांची उजवी बाजू गेली. पाय लंगडत का होईना, परत आला. हात आला नाही. बोलणंही आलं नाही. सगळ्या शब्दांतून एक "हां" तेवढा उरला. चहा देऊ? हां. नको का? हां. भूक लागली? हां. पोट भरलं? हां. आता यातून मी काय समजायचं, सांगा! डॉक्टरांना विचारलं, यांना किती कळतंय? ते म्हणाले, हळूहळू लक्षात येईल. हळूहळू म्हणजे कधी, हे काही बोलले नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कन्नड. तिचं आपलं एकच, "स्वल्प स्वल्प, अम्मा," म्हणजे थोडं थोडं.

माझी मोठी बहीण बेळगावात असते. अक्काचा फोन आला की मी मोकळी व्हायची. एकदा हे बाल्कनीजवळ खुर्चीत बसले होते, माझ्यापासून चार हातांवर. मी फोनवर म्हटलं, "अक्का, शरीर तेवढं खुर्चीत आहे गं. आत कुणी उरलं नाही. मी भिंतीशी संसार करते." ती रडायला लागली, मग मीही रडले. हे बाहेर फ्लायओव्हरकडे बघत होते. फोन ठेवून मी कुकर लावायला गेले.

कोपऱ्यात सरकवलेली गाडी परत टेबलावर आणली ती त्या व्यायामवाल्या मुलीच्या सांगण्यावरून. आवडीचं काहीतरी समोर ठेवा म्हणाली. ठेवलं, तर यांनी डाव्या हाताने एक स्क्रू उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. म्हणजे काय करू? लावू? फेकू? कुठे लावू? त्या दिवसापासून मी त्यांचा उजवा हात झाले आणि माझ्या डोक्याचं पार भजं झालं. मसाल्याच्या डब्यात स्क्रू, मोटरमधून बाहेर आलेल्या तीन सारख्याच वायरी, आणि ड्रॉइंगवर मुंग्यांएवढी अक्षरं. मी काही लावायची आणि यांच्या तोंडाकडे बघायची. हे "हां" म्हणायचे. मी उलटं लावायची. तरी "हां".

मग आली मागची पेटी. या गाडीची चारही चाकं मोटरच्या जोरावर फिरतात. त्यासाठी पुढे एक आणि मागे एक अशा दोन पेट्या, आणि प्रत्येकीत एक मोठं दातेरी चाक. पुढची पेटी यांनी आधीच भरली होती, तिच्यात मोठं चाक डावीकडे होतं. मागच्या पेटीत ते डावीकडेही बसत होतं आणि उजवीकडेही. हा प्रश्न मला सोपा वाटला. शिवणकामात सगळं जोडीचं असतं. दोन बाह्या समोरासमोर ठेवल्या की शिवणी एकाच बाजूला यायला हव्यात, नाहीतर बाही उसवा. मी मागचं चाकही डावीकडे बसवलं. झाली जोडी.

हे बोटाने पेटीच्या उजव्या बाजूवर टकटक करायला लागले. मी दाखवलं, "हे बघा, पुढे डावीकडे आहे ना? मग मागेही डावीकडेच." पुन्हा उजवीकडे टकटक. मी पेटी फिरवून दाखवली. टकटक. डावं-उजवंसुद्धा गेलं का यांचं? मग रागच आला. रागावले की मला भान राहत नाही. "तुम्हाला काही कळत नाही आता! बसा गप!" म्हणत मी आठही स्क्रू आवळले. यांनी हात मांडीवर घेतला. त्यानंतर मागची पेटी माझ्या मनाप्रमाणे झाली आणि मी विजयी.

गाडी पुरी झाली आणि एका रविवारी सकाळी ती घेऊन, कॅब करून आम्ही देवनहळ्ळीच्या बाजूला गेलो. तिथे शेतं मोडून लेआउट पाडलेत, नुसती लाल माती आणि प्लॉटचे दगड. कॅबवाल्याने गाडी उतरवून दिली आणि विचारलं, "पूजे माडिल्वा, अम्मा?" पूजा न करता या गावात सायकलसुद्धा रस्त्यावर येत नाही. कुंकू आणि चार लिंबं मी घरूनच आणली होती. चारही चाकांसमोर एकेक लिंबू ठेवलं आणि हात जोडले.

रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या मुठीत धरायचा, डाव्या बोटाने चाप ओढला की वेग, आणि उजव्या हाताने बाजूचं छोटं चाक फिरवून वळवायचं. यांनी डाव्या हातात रिमोट घेतला आणि चाप ओढला.

गाडी जागची हलेना. नुसती थरथरायला लागली. मोटर किंचाळतेय, माती उडतेय, पुढची लिंबं मागे आली, मागची पुढे आली आणि चारही गाडीच्या पोटाखाली जमली. मी बघतच राहिले. वाकून बघितलं तेव्हा दिसलं. पुढची चाकं पुढे फिरत होती आणि मागची मागे.

यांनी चाप सोडला. लंगडत आले, कष्टाने वाकले, आणि मागच्या पेटीच्या उजव्या बाजूवर बोटाने टकटक केलं. दोनदाच. अगदी घरच्यासारखं.

मी मातीतच बसले. ब्लाउजच्या कापडाच्या पिशवीतून पाने काढले, आठ स्क्रू सोडवले. यांनी डाव्या हाताने पेटी घट्ट धरून ठेवली होती. मी मोठं चाक काढलं आणि उजवीकडे बसवलं. तेव्हाच हात सोडला त्यांनी.

म्हणजे यांना कळत होतं. डावं, उजवं, सगळं. स्क्रू आवळता आवळता एकदम मला ती बाल्कनीजवळची खुर्ची आठवली. चार हातांवर होती.

"अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी मी अक्काशी फोनवर बोलले... तुम्ही ऐकलंत?"

"हां," म्हणाले.

"नाही ना ऐकलंत?"

"हां."

पण त्यांची मान खाली गेली होती आणि डोळे भरले होते. आता मी कुठे जाऊन मरू, असं झालं मला.

यांनी रिमोट उचलला आणि त्याचं छोटं चाक माझ्याकडे केलं. मी त्यांच्या उजव्या अंगाला उभी राहिले आणि उजव्या हाताने ते धरलं. त्यांनी चाप ओढला. गाडी अशी सुटली की मी किंचाळले, "अहो, हळू!" त्यांनी आणखी ओढला. मी वळवत होते, ते पळवत होते. लाल धुळीत काही दिसत नव्हतं. कॅबवाला झाडाखालून ओरडला, "सूपर, सार!"

परत येताना कॅबमध्ये यांच्या शेजारी बसूनच मी अक्काला फोन लावला, मुद्दाम मोठ्याने बोलले.

"अक्का, आत आहेत गं ते. त्या दिवशीही होते. सगळं ऐकत बसले होते."