वस्तीच्या आडाचं पाणी

शिरसाट सरांवर मी लिहावं एवढी माझी लायकी नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज सोडले तर आजवर काही लिहिलेलं नाही. सरांचे जुने विद्यार्थी आहेत, सोबतचे प्राध्यापक आहेत, त्यांनी लिहिलं असतं तर नेटकं झालं असतं. पण सरांना जाऊन महिना झाला, आणि एक गोष्ट माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही... कारण तिच्यातली चूक माझी आहे.

सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. माझं गाव बिडकीनच्या पुढं आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "तिथल्या बौद्धवस्तीचा आड नाल्याला लागून आहे, तेच का?" त्यांची थोरली बहीण, रखमाआक्का, त्या वस्तीत दिलेली होती. आक्कांची लहान नात सारखी हगवणीनं आजारी पडायची. एकदा तर ती हातची जाता जाता वाचली होती. सरांच्या मनात तेव्हापासून एक प्रयोग घोळत होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या भंगारातून त्यांनी टायटॅनियमच्या पत्र्याचा तुकडा आणला आणि भट्टीत तापवून त्यावर ऑक्साइडचा थर आणला. तो पत्रा उथळ काचेच्या भांड्यात पाण्याखाली ठेवायचा, भांडं उन्हात, आणि बॅटरीची एक तार पत्र्याला, दुसरी पाण्यात. मला काही उमजेना, तेव्हा ते म्हणाले, "तुझे वडील मेंढरं राखतात ना? ऊन पडलं की या थरातले इलेक्ट्रॉन उठतात. ते लगेच जागेवर परतले तर सगळं वाया. वीज त्यांना मागं फिरू देत नाही, पुढं हाकते. मग थरावर जे उरतं ते पाण्यातले जंतू मारतं." घरी वडलांना, म्हणजे आबांना, हे सांगितलं. ते विचार करून म्हणाले, "समदं खरं, पण त्यात कुत्रं कोणतं?" सरांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते.

आडाचं पाणी आणायचं काम माझ्याकडं आलं. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं होतं. कोण कुणाच्या दारात जातो यावर लोकांची नजर असायची. मी दोन बाटल्या घेऊन वस्तीच्या वाटेला लागलो, तर पारावर चुलते चार जणांत बसलेले.

"कुठं रे? नाव बदलायला चालला व्हय?"

"पाणी आणायला, तात्या. कॉलेजात तपासायचंय."

"मंग आपल्या हिरीला काय झालं? का तिथलंच गोड लागतंय?"

सगळे हसले. मी उभा राहिलो... आणि वळलो. गावच्या बांधीव विहिरीवर दोन्ही बाटल्या भरल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, वस्तीचा आड.

प्रयोगशाळेत पाण्याचे थेंब जंतूंचं खाद्य घातलेल्या बशीत टाकून ठेवले की दुसऱ्या दिवशी जंतूंचे लाल ठिपके दिसतात. माझ्या पाण्याच्या पहिल्या बशीत ते मोजकेच दिसले, आणि दोन तासांच्या उन्हानंतरची बशी कोरी होती. सरांनी पहिली बशी पुन्हा उचलली. "ज्या पाण्यानं पोरं आजारी पडतात, त्यात एवढेच? तूच भरलंस ना?" मी हो म्हणालो. ते 'हो' मला अजून ऐकू येतं. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि म्हणाले, "रविवारी जाऊ. आक्कालाच दाखवू."

एसटीत तासभर मी त्यांच्या शेजारी बसून होतो. सांगायला तोंड उघडायचो आणि बसचं भाडं, ऊन, असलं काहीतरी बोलायचो. आक्कांच्या अंगणात सरांनी भांडं मांडलं, तारा जोडल्या. आडाचं पाणी आक्कांनीच शेंदून ओतलं. दोन तास झाले. आक्कांनी तांब्या भरला आणि नातीला हाक मारली. पोरीनं दोन्ही हातांनी तांब्या धरला.

"सर, पाजू नका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघून म्हणालो, "ते पाणी इथलं नव्हतं. मी गावच्या विहिरीचं आणलं होतं. मला... इकडं यायची भीती वाटली."

सरांनी पोरीच्या हातून तांब्या घेतला आणि अंगणात ओतून दिला. मला वाटलं आता मारतील. आक्काच बोलल्या, "अगं बाई, येवढा शिकलेला मेंढक्याचा पोरगा, अन् आमच्या आडाला भ्याला?" सरांनी मला आडावर नेऊन फक्त दोर हातात दिला. "काढ." मी पाणी काढलं. वस्तीतले लोक बघत होते, रस्त्यानं जाणारे गावातलेही बघत होते. त्या संध्याकाळी चुलते माझ्याशी बोलले नाहीत. पुढं कधी बोललेच नाहीत.

खऱ्या पाण्याची बशी लालभडक आली. दोन तासांच्या उन्हानंतरच्या पाण्याची बशीही ठिपक्यांनी निम्मी भरलेलीच होती. ते पाणी पोरगी प्याली असती, हे सर कधी बोलून दाखवायचे नाहीत. वस्तीत त्यांनी निरोप धाडला, अजून उकळूनच प्या. मग सुरू झाले महिने. पत्रा पुन्हा तापवायचा, पाण्याची उंची कमी करायची, मधूनमधून ढवळायचं, उन्हाचे तास वाढवायचे. दर रविवारी पाणी मीच आणायचो. पारावरूनच जायचो. भीती वाटायची, ती शेवटपर्यंत गेली नाही. सरांना हृदयाचं दुखणं आहे हे मला फार उशिरा कळलं. शहरात गारखेड्यातल्या त्यांच्या घराचे दोन जिने चढताना ते मध्ये थांबायचे, मला वाटायचं काहीतरी विचार करतायत.

सर गेले त्याच्या दोन दिवस आधी मी दवाखान्यात गेलो. नळ्या लावलेल्या होत्या. त्यांच्याशी बोलू नका, असं नर्सनं बजावलं होतं. तरी मी वाकून म्हणालो, "सर, बशी कोरी आली. पाच तासांनी."

त्यांनी डोळे उघडले. "पाणी कुठलं?"

"वस्तीच्या आडाचं. मीच शेंदलं. आक्का शेजारी उभ्या होत्या."

"आधीची बशी?"

"भरलेली. लाल."

"किती वेळा केलंस?"

"तीन रविवार."

ते म्हणाले, "आक्काला सांग. आता पोरीला दे म्हणावं."